सोलापूरच्या उन्हाळ्याचा इतिहास आपल्या पेठेपुरता कसा जमवायचा

एप्रिल लागला की सोलापुरात कुठेही जा, पार्क चौकात जा नाहीतर अशोक चौकात, एकच वाक्य ऐकू येतं, यंदासारखं ऊन कधी बघितलं नव्हतं. मागच्या वर्षीपण हेच ऐकलं होतं. लोक खोटं बोलत नाहीत, अंगाला लागतंय तेच सांगतात, पण खरंच कोणता उन्हाळा किती कडक होता हे पडताळायचं म्हटलं तर आपल्याकडे काहीच लिहिलेलं नसतं. आकडे पुण्यात, बातम्या वाचनालयातल्या फायलीत, पाण्याचा हिशोब पाटबंधारे खात्यात आणि बाकी सगळं म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात. हे एका वहीत कसं आणायचं ते सांगतो. शिकलेलं असायची गरज नाही, चिकाटी पाहिजे फक्त, आणि जरा घाई पण पाहिजे कारण बहात्तरचा दुष्काळ मोठेपणी बघितलेली माणसं आता सत्तरीच्या पुढे गेलीत.

पहिलं म्हणजे सगळ्या शहराचा इतिहास लिहायला घेऊ नका, दमाल. एक पेठ धरा, एक कॉलनी धरा. सोलापूर एकसारखं तापत नाही हे इथे राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. पूर्व भागात पत्र्याच्या शेडमधले यंत्रमाग, वर तापलेला पत्रा, खाली मशीनची गरमी, वारा घेतला तर धागा तुटतो म्हणून खिडक्या बंद, तिथला दुपारचा दोन वाजताचा उन्हाळा आणि रेल्वे लाईन्सच्या झाडाखालचा उन्हाळा एकच कसा असेल. जुन्या माळवदाच्या घरातला अजून वेगळा, जाड मातीच्या भिंती दुपारभर थंड राहतात. जुळे सोलापूर तर नवीनच, तिथे पन्नास वर्षांपूर्वीचं ऊन आठवणारा माणूसच कमी भेटेल. त्यामुळे आपल्या भागात काय मिळू शकतं त्याचा अंदाज घेऊन काळ ठरवा. माझं मत विचाराल तर १९७२ पासून पुढे धरा, त्याच्या मागचं कागदपत्रावरून थोडक्यात लिहा.

सुरुवात माणसांपासून करा, आकड्यांपासून नको. कारण आकडे दहा वर्षांनी पण मिळतील.

आता विचारायचं कसं, यावर सगळं अवलंबून आहे. "आजोबा, सगळ्यात जास्त ऊन कोणत्या साली होतं?" असं विचारलं तर काहीतरी साल सांगतील, पण ते अंदाजपंचे असतं. साल कुणाच्याच लक्षात राहत नाही, प्रसंग राहतो. म्हणून प्रसंगाने विचारा. "मावशी, तुमच्या लग्नात वळीव झाला होता म्हणे, मांडव राहिला का उडाला?" मे म्हणजे लग्नसराई, आणि मे म्हणजेच वळीव, त्यामुळे सोलापुरातल्या निम्म्या लग्नांच्या आठवणीत वारा, धूळ, पाऊस नाहीतर घामाच्या धारा असतातच. आणि लग्नाचा एक फार मोठा फायदा म्हणजे पत्रिका. ट्रंकेत जपून ठेवलेली पत्रिका निघाली की तारीख पक्की झाली. अल्बममधले फोटो पण बघा, मांडवाचं कापड फुगलेलं, जमीन ओली, पाहुण्यांच्या डोक्यावर टॉवेल, सगळं पुरावाच आहे.

गिरणीत काम केलेली माणसं असतील तर भोंग्यावरून विचारा. वादळ पाळी सुटायच्या आधी आलं का नंतर, असं विचारलं की वेळ बरोबर निघते, जुन्या मिलच्या भोंग्यावर सगळं शहर चालायचं तेव्हाची ही माणसं आहेत. विडी वळणाऱ्या बायकांना विचारा, पाणी भरणाऱ्या बायकांना तर आधी विचारा, कोणत्या उन्हाळ्यात रात्री दोनला उठून नळाला नंबर लावला हे त्या कधीच विसरत नाहीत. पूर्व भागात बऱ्याच घरांत आजी तेलुगूच बोलते, काही पेठांत कन्नड, तर शेजारच्या कुणालातरी बरोबर घ्या, आजीला तिच्या भाषेत बोलू द्या आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा, विचारून मगच. मराठीत सांगायला लावलं की गोष्ट अर्धीच येते.

अलीकडच्या वर्षांसाठी निवडणुका सोयीच्या पडतात. सोलापूर लोकसभेचं मतदान २०१९ ला १८ एप्रिलला झालं आणि २०२४ ला ७ मेला. ऐन उन्हात रांगेत उभं राहिलेल्याला त्या दिवशीचं ऊन आठवतं. २०२० चा उन्हाळा लॉकडाऊनमुळे लक्षात आहे, सगळे घरातच, त्यामुळे घर किती तापतं हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं असं सांगणारे भरपूर भेटतील.

जुनी माणसं तारीख सांगत नाहीत, तिथी सांगतात नाहीतर नक्षत्र. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी गारा पडल्या, रोहिणीत मोठा पाऊस झाला, असं. नक्षत्राचं सोपं आहे, सूर्याची नक्षत्रं दरवर्षी जवळपास त्याच तारखांना येतात, कृत्तिका साधारण ११ मेपासून, रोहिणी २५ मेपासून, मृग ७-८ जूनपासून. तिथीला मात्र त्या सालचं पंचांग लागतं. आणि याबाबतीत आपण नशीबवान आहोत, दाते पंचांग आपल्या सोलापूरचंच. जुनी पंचांगं पुष्कळ घरात देव्हाऱ्याशेजारी नाहीतर माळ्यावर असतात, आणि काही जण त्यातच समासात पाऊसपाणी, लग्नं, उधारी लिहून ठेवायचे. असं पंचांग हातात आलं तर एकेक पान फोटो काढून ठेवा.

अजून एक, आठवणीतलं साल आणि उन्हाळ्याचं साल यात गल्लत होते. "बहात्तरचा उन्हाळा" म्हणून लोक जे सांगतात ते बऱ्याचदा १९७३ चं असतं. पावसाने दगा दिला १९७२ च्या पावसाळ्यात, आणि विहिरी आटल्या, जनावरं विकली, खडी फोडायला गेलो, सुकडी (दुष्काळात वाटलेला कोरडा खाऊ) खाल्ली हे सगळं शिखराला गेलं पुढच्या उन्हाळ्यात. म्हणून "दुष्काळी कामावर गेलात तेव्हा कोणता सण होता" असं विचारून साल लावून घ्या.

आता आकडे. सोलापूरचं हवामान केंद्र जुनं आहे आणि भारतीय हवामान विभागाच्या पुण्यातल्या ऑफिसकडे, शिवाजीनगरला, देशभरातल्या केंद्रांचा डेटा साठवलेला असतो. ऑनलाईन अर्ज करून रोजचं कमाल-किमान तापमान आणि पाऊस मागता येतो. जागतिक यादीत आपल्या केंद्राचा नंबर ४३११७ आहे, हा नंबर लिहून ठेवा, कारण जुन्या इंग्रजी नोंदीत आपलं गाव शोलापूर म्हणून आहे आणि नावाने शोधलं तर अर्ध्या नोंदी सापडत नाहीत. फुकट पाहिजे असेल तर पुण्याच्याच साईटवर नकाशाच्या चौकटी पाडून केलेला डेटा आहे, पाऊस १९०१ पासून आणि तापमान १९५१ पासून. पण तापमानाची चौकट अक्षांश-रेखांशाच्या एका अंशाची म्हणजे जवळपास शंभर किलोमीटरची, त्यात जिल्ह्याचा मोठा भाग एकाच आकड्यात येतो, त्यामुळे त्यावरून "आमच्या पेठेत ४४ होतं" असं लिहू नका, ते फक्त कोणतं वर्ष तापलं कोणतं नाही याच्या अंदाजासाठी वापरा. अलीकडच्या पावसासाठी राज्य सरकारची महारेन ही साईट आहे, महसूल मंडळवार आकडे मिळतात.

इथे एक जागा अशी आहे की बहुतेक जण अडकतात. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो, आणि नोंद दुसऱ्या दिवसाच्या तारखेला लागते. वळीव तर नेहमी दुपारी तीन-चारनंतर येतो. म्हणजे १४ तारखेच्या संध्याकाळी तुमचा मांडव उडाला तर सरकारी कागदावर तो पाऊस १५ तारखेला दिसणार. पेपरात पण १५ नाहीतर १६ ला. हे माहीत नसलं की माणसाला वाटतं मावशीची आठवण चुकली, आणि मावशी बरोबर असते.

पाऱ्याच्या आकड्याचं पण समजून घ्या. केंद्रातला थर्मामीटर पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटावर, सावलीत असतो. चौकातला डिजिटल बोर्ड, गाडीच्या डॅशबोर्डवरचा आकडा, उन्हात धरलेला थर्मामीटर, हे सगळे जास्त दाखवतात. पत्र्याला हात लावला तर चटका बसतो, तो पत्रा साठच्या पुढेपण गेलेला असू शकतो, पण ते हवेचं तापमान नाही. सॅटेलाईटचे लालभडक नकाशे व्हायरल होतात त्यात पण बऱ्याचदा जमिनीचं, छपराचं तापमान असतं. वहीत दोन्ही लिहा, पण वेगवेगळ्या रकान्यात.

आणि आता जे मला मनापासून सांगायचंय ते. उष्णतेची लाट कधी म्हणायची याचा खात्याचा नियम असा आहे की सपाट प्रदेशात पारा निदान ४० ला पोचला पाहिजे आणि तिथल्या नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त पाहिजे, नाहीतर मग थेट ४५ झाला पाहिजे. आता सोलापूरची मेमधली सरासरीच ४०-४१ च्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडे ४३ झालं तरी कागदावर लाट नाही! आठवडाभर ४३ राहिलं, शेडमधला कामगार चक्कर येऊन पडला, तरी त्या वर्षीच्या यादीत सोलापूरपुढे लाट लिहिलेली सापडेलच असं नाही. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, देशभर एक मोजमाप लागतं, पण आपल्या शहराचा इतिहास फक्त लाटांच्या यादीवरून लिहिला तर आपला उन्हाळा त्यात निम्मा पण दिसणार नाही. म्हणून वहीत लाटा मोजू नका, सलग किती दिवस पारा ४२ च्या वर राहिला ते मोजा. माणूस एका दिवसाने कोसळत नाही, सलग दिवसांनी कोसळतो.

तसंच रात्रीचं. किमान तापमान आवर्जून लिहा, त्याकडे कुणी बघत नाही. रात्री २३ ला उतरलं तर अंग निवतं, २८ च्या खाली येतच नसेल तर दुसऱ्या दिवशीचं ऊन दुप्पट लागतं, त्यात काँक्रीटचं घर रात्री बारापर्यंत दिवसाची गरमी सोडत राहतं. जुनी माणसं गच्चीवर, माळवदावर, रस्त्यात बाजा टाकून झोपायची, ते कधी बंद झालं, का झालं, हे पण विचारा, हा पण उन्हाळ्याचाच इतिहास आहे. तिसरी गोष्ट दमटपणा. एप्रिलमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की कूलर मस्त चालतो, माठातलं पाणी गार पडतं. मेच्या शेवटी बाष्प यायला लागलं की पारा ३९ ला उतरतो, पेपर म्हणतो दिलासा, आणि घरात कूलर लावून पण अंग चिकचिक. त्यामुळे "उन्हाळा कधी असह्य झाला" आणि "पारा सगळ्यात वर कधी गेला" याची उत्तरं वेगळी आली तर घाबरू नका, दोन्ही लिहा. सूर्य तर आपल्या बरोबर डोक्यावर १०-११ मेच्या सुमारास येतो, उभ्या काठीची सावली दुपारी नाहीशी होते, पोरांना बरोबर घेऊन बघा एकदा.

वळीव आणि गारपिटीची नोंद जमवणं सगळ्यात अवघड, कारण हे फार छोट्या जागेत होतं. बाळ्यात गारा पडतात आणि होटगी रोडला धूळच उडते. केंद्रावर त्या दिवशी शून्य मिलीमीटर असू शकतं. त्यामुळे इथे पेपर. संचार, तरुण भारत, सकाळ, लोकमत, यांच्या जुन्या फायली जिथे असतील तिथे बसा, हिराचंद नेमचंद वाचनालयापासून सुरुवात करून चौकशी करा. सगळे दिवस चाळायचे नाहीत, १५ मार्च ते १५ जून एवढेच अंक, आणि त्यातपण आतली पानं, कारण पत्रे उडाले, झाड पडलं, वीज पडून बैल दगावला अशा बातम्या पहिल्या पानावर नसतात. काय लिहायचं ते सांगतो, तारीख, वेळ, वारा कोणत्या दिशेने आला, गारेचा आकार बोराएवढा का सुपारीएवढा का लिंबाएवढा, लाईट किती वेळ गेली, आणि दुसऱ्या दिवशी गारवा राहिला का उकाडा वाढला. शेवटचं महत्त्वाचं आहे. मोठ्या वळवाने तासाभरात पारा दहा-बारा अंशाने पडू शकतो, आणि ज्या वर्षी वळीव वरचेवर झाले त्या वर्षी मेचं ऊन मोडत मोडत गेलं असं आकड्यात पण दिसतं. ज्या वर्षी वळीवच नाही, ते वर्ष सलग भाजून काढतं.

खेड्याकडचा भाग जोडायचा असेल तर तलाठ्याचे पंचनामे मागा, माहितीच्या अधिकारात मिळतात. २०१४ ची गारपीट तर सगळ्यांना आठवत असेल, फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झाली ती मार्चच्या मध्यापर्यंत थांबेना, सगळ्या महाराष्ट्रात ज्वारी, द्राक्षं, डाळिंबं झोडपली, आपला जिल्हा पण त्यात होता. अशा वर्षीचे पंचनामे गावोगाव झालेले असतात. आणि २०२५ चा मे उलटाच, मेमध्येच पावसाळा लागल्यासारखा पाऊस, मान्सून केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला पोचला. तो उन्हाळा "सोपा गेला" म्हणून सोडून देऊ नका, वहीत तो पण पाहिजे, नाहीतर वही फक्त वाईट वर्षांची होते आणि मग चांगलं वर्ष कसं असतं तेच समजत नाही.

पाण्याचं प्रकरण वेगळं धरा पण सोडू नका, सोलापुरात उन्हाळा म्हणजे नळ किती दिवसाआड. इथे उजनी समजून घ्यावी लागते. १९८० मध्ये झालेलं हे धरण पूर्ण भरलं की साधारण ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), त्यातलं सुमारे ५३ टीएमसी जिवंत म्हणजे नेहमी वापरायचा साठा आणि ६३ टीएमसी मृत म्हणजे तळाचा साठा. टक्केवारी जिवंत साठ्यावर काढतात. म्हणून शून्य टक्के झालं तरी धरण कोरडं नसतं आणि पुढे उणे सुरू होतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते जवळपास उणे साठपर्यंत गेलं, म्हणजे मृत साठ्यातूनच तीसेक टीएमसी पाणी गेलं. जुन्या बातमीत नुसतं "उजनी २० टक्के" दिसलं तर आधी उणे आहे का अधिक ते बघा. शहराला पाणी उजनीच्या पाईपलाईनने, टाकळीहून भीमेचं आणि थोडं हिप्परग्याच्या तलावातून येतं, तर तुमच्या पेठेला यातलं कोणतं येतं ते शोधून काढा, कारण एकाच उन्हाळ्यात एका भागाला पाणी आणि दुसऱ्याला टँकर असं झालेलं असतं.

हिप्परग्याचा एकरूख तलाव तर १८७१ चा, आणि त्यानंतर पाचच वर्षांत १८७६ चा मोठा दुष्काळ आला. त्या काळाचं वाचायचं असेल तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरवरचा विसावा खंड, १८८४ चा, आणि नंतरचं महाराष्ट्र सरकारचं सोलापूर गॅझेटियर, दोन्ही ऑनलाईन मिळतात. हवामान आणि दुष्काळ अशी दोन प्रकरणं वाचली तरी पुरे.

वही कशी मांडायची? एका वर्षाला समोरासमोरची दोन पानं. डावीकडे आकडे, सगळ्यात जास्त कमाल, ४२ च्या वरचे सलग दिवस, सगळ्यात गरम रात्र, पहिला वळीव, गारा, नळ किती दिवसाआड. उजवीकडे माणसांनी सांगितलेलं, त्यांच्याच शब्दात, आणि प्रत्येक ओळीपुढे कुठून मिळालं ते, आठवण, पेपर, पत्रिका, सरकारी आकडा. दोन गोष्टी जुळल्या की शेजारी बरोबरची खूण. जुळत नसतील तर खोडू नका, दोन्ही ठेवा. सांगणाऱ्याचं नाव घालायचं का ते त्यांना विचारा, नको म्हणाले तर नुसतं "विडी कामगार, वय ७५" असं लिहा.

आणि जुनं जमवता जमवता यंदाचं पण लिहा. कमाल-किमान थर्मामीटर मिळतो, तो उत्तरेकडच्या भिंतीला, सावलीत, छातीएवढ्या उंचीवर, पत्रा आणि कूलरपासून लांब टांगा. पावसाला सरळ काठाचा डबा उघड्यावर ठेवा, आत साठलेलं पाणी पट्टीने मोजलं की झाले मिलीमीटर, ते सकाळी साडेआठलाच मोजा म्हणजे सरकारी आकड्याशी जुळवता येईल. विजा सुरू झाल्या की डबा बघायला गच्चीवर जाऊ नका, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप टाकून घ्या, आसपास वीज पडण्याची शक्यता असली की सांगतं. कारखान्यात कुणी ओळखीचं असेल तर शेडमध्ये पण एक थर्मामीटर लावता येतो का बघा, मालकाला नीट समजावून सांगा, तिथला आकडा सोलापुरात कुठेच लिहिलेला नाही असं मला वाटतं आणि आपल्या शहराला त्याचीच सगळ्यात जास्त गरज आहे.

एखादा दिवस राहून गेला तर ती जागा रिकामी सोडा, दुसऱ्या दिवशी पेपर बघून भरू नका. जून संपला की दोन्ही पानांचे फोटो काढून एक कॉपी जवळच्या शाळेत नाहीतर वाचनालयात द्या.